फोर बाय फोर गाडीने स्पिती: वाट, नाले आणि टपावरचा मुक्काम

स्पितीला जाण्यासाठी फोर बाय फोर गाडी असावीच लागते असे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. रेकाँग पिओहून हिमाचल परिवहनची बस काझापर्यंत, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावापर्यंत, जाते आणि उन्हाळ्यात लहान मोटारीही तेथे सुखरूप पोहोचतात. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे कुंझुम खिंड उतरल्यावर लागणारी बातल ते ग्राम्फू ही सुमारे पन्नास किलोमीटरांची दगडधोंड्यांची वाट, आणि दुसरे म्हणजे हॉटेल किंवा होम-स्टे नसलेल्या जागी स्वतःचे अंथरूण-पांघरूण, पाणी आणि शिधा घेऊन केलेला मुक्काम. पुण्या-मुंबईकडून थार, जिम्नी, गुरखा किंवा हायलक्स आणि व्ही-क्रॉससारखी पिकअप घेऊन तिकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यांच्या गाड्या उत्तम असतात. चुकतो तो बहुतेक वेळा घड्याळाचा आणि वजनाचा हिशेब. म्हणून या लेखात दोरखंड आणि दिव्यांच्या आधी वाटेची दिशा आणि दिवसाची वेळ यांचा विचार केला आहे.

शिमल्याकडून आत, मनालीकडून बाहेर

नकाशावर मनालीची वाट जवळची दिसते आणि रजा मोजकी असल्यामुळे अनेकजण तीच धरतात. मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे आणि चंद्रताल हे तळे सुमारे ४,२५० मीटरांवर. म्हणजे एका दिवसात दोन हजार मीटरांहून अधिक चढून त्याच रात्री तेथे झोपायचे, असा तो बेत होतो. शरीराला विरळ हवेची सवय लागायला वेळ हवा असतो. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत साधारण ५०० मीटरांपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा सर्वमान्य दंडक आहे. शिमला-किन्नौरच्या वाटेने हा दंडक जवळजवळ आपोआप पाळला जातो.

या वाटेवरही एक खाचखळगा आहे. कल्पा २,७०० मीटरांच्या वर आहे आणि नाको ३,६०० मीटरांच्या वर. कल्पाहून निघालेला प्रवासी नाकोचे तळे पाहून तेथेच मुक्कामाचा मोह धरतो आणि रात्रभर डोके धरून बसतो. त्याऐवजी नाको पाहून घ्यावे आणि झोपायला ताबोला उतरावे. ताबो सुमारे ३,२८० मीटरांवर आहे आणि इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला तेथील मातीचा मठ सकाळच्या कोवळ्या उन्हात निवांत पाहता येतो. त्यानंतर काझात दोन रात्री काढाव्यात. मधल्या दिवशी लांगझा, हिक्किम आणि कोमिक ही ४,४०० मीटरांच्या आसपासची आणि त्याहून उंच गावे करून पुन्हा काझात झोपायला यावे. मग कुंझुमच्या अलीकडचे लोसर गाव आणि त्यानंतर चंद्रताल.

लोसरला स्वतःची आणि बरोबरच्यांची प्रामाणिक तपासणी करावी. तेथे डोके दुखत असेल, जेवण जात नसेल किंवा उलटी होत असेल तर पुढे जाऊ नये. कारण चंद्रतालला प्रकृती बिघडली तर दोन्ही बाजू अवघड आहेत: काझाच्या रुग्णालयाकडे परतायचे तर आधी सुमारे ४,५५० मीटरांची कुंझुम खिंड चढावी लागते, आणि मनालीकडे उतरायचे तर रात्रीच्या अंधारात नाले ओलांडावे लागतात. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देऊ लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा बसल्या जागी धापा टाकू लागला, तर मात्र सकाळची वाट न पाहता खाली उतरणे हाच उपाय असतो. प्रतिबंधक गोळ्या घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात; सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

कुंझुम साधारणपणे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खुली असते. माझे मत सप्टेंबरच्या बाजूने आहे, कारण तोवर नाल्यांचे पाणी उतरलेले असते आणि किन्नौरमधील दरडींचा जोर ओसरलेला असतो. तरीही बर्फाचा भरवसा धरू नये. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे ऐन हंगामात, चंद्रतालला बर्फामुळे अडीचशेहून अधिक लोक अडकले होते आणि त्यांना बाहेर काढायला काही दिवस लागले. म्हणून परतीच्या तारखेच्या अलीकडे दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि दोन दिवसांचा शिधा राखीव ठेवावा.

भारतीय नागरिकांना या वाटेवर परवाना लागत नाही. परंतु अमेरिकेतून किंवा युरोपातून आलेले नातेवाईक बरोबर असतील आणि त्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर सीमेजवळच्या किन्नौर-स्पिती टप्प्यासाठी त्यांचा परवाना शिमल्याला किंवा रेकाँग पिओला आधी काढून घ्यावा. आजी-आजोबांबरोबर आलेला नातू चौकीवरून परत फिरवला जाणे कोणालाच नको असते.

गाडी आणि तिच्यावरचे ओझे

फोर बाय फोरचा दांडा किंवा बटण असले, तरी ते केव्हा वापरायचे हे ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये ही सोय अर्धवेळ असते, म्हणजे पुढचा आणि मागचा आस एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. खडीवर किंवा चिखलात ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात, पण कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसल्यामुळे सगळा ताण आतल्या दातेरी चाकांवर येतो. म्हणून डांबरावर टू-व्हील, सैल खडीवर फोर हाय (चारही चाके, नेहमीची गती) आणि तीव्र चढ-उतार, मोठे दगड किंवा पाणी आले की फोर लो (चारही चाके, गती कमी आणि जोर अधिक), असा क्रम ठेवावा. फोर लोचा सर्वांत मोठा फायदा उतारावर होतो, कारण पहिल्या गिअरमध्ये गाडी इंजिनच्या आधाराने चालण्याच्या गतीने उतरते आणि ब्रेक तापत नाहीत.

दुसरी समजून घेण्याची गोष्ट डिफरन्शियलची, म्हणजे एका आसावरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दातेरी जुळणीची, आहे. तिरक्या खड्ड्यात गाडीची समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन चाके अधांतरी होतात आणि साध्या डिफरन्शियलमधून जोर नेमका त्या मोकळ्या चाकांकडेच जातो. चारही चाकांचा जोर असूनही गाडी जागच्या जागी चाके फिरवत राहते. ज्या गाडीला डिफ लॉक, म्हणजे ही दोन चाके एकत्रच फिरवणारे कुलूप, आहे तिने तो खड्ड्यात शिरण्यापूर्वी लावावा. अडकल्यावर आठवण होऊन फारसा लाभ नसतो. ज्या गाडीत हे काम ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडून होते, तिथे ॲक्सिलरेटर न सोडता एकसारखा दाबून ठेवावा, म्हणजे यंत्रणेला मोकळे चाक पकडायला अवसर मिळतो. हे सारे प्रथमच बातलला करून पाहू नये. पावसाळ्यानंतर ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या नांगरटीत एक सकाळ घालवली तरी पुष्कळ शिकता येते. कोकणच्या वाळूत मात्र सराव करू नये. बहुतेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास मनाई आहे आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

टायर हा या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्यातली हवा कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. डांबरावर ३२ पीएसआय असेल तर दगडी वाटेवर २४-२५ पर्यंत उतरवावी. टायर दगडावर वाकून बसतो, पकड वाढते आणि आत बसलेल्यांची हाडेही वाचतात. त्याहून खाली दगडांत जाऊ नये, कारण मग टायरची बाजूची भिंत बाहेर फुगते आणि तिला धारदार दगड फाडतो. बाजूला फाटलेल्या टायरला पंक्चरची दोरी चालत नाही. हवा मोजताना उंचीचाही विचार करावा. पुण्यात ३२ भरलेला टायर, तापमान तेवढेच धरले तर, कुंझुमवर सुमारे ३७ दाखवील, कारण बाहेरच्या हवेचा दाब तेवढा घटलेला असतो. वेफर्सची पाकिटे फुगतात त्याच कारणाने. उलट कडाक्याच्या थंडीने तोच आकडा पुन्हा खाली येतो. म्हणून घरचा आकडा डोक्यात न ठेवता, रोज सकाळी गाडी थंड असताना स्वतःच्या गेजने मोजावे.

आता वजन. पाणी लिटरला एक किलो भरते, म्हणजे चाळीस लिटर पाणी हे चाळीस किलोंचे ओझे आहे. त्यावर डिझेलचा कॅन, बॅटरी, फ्रिज, गॅस, दोन स्टेपन्या आणि टपावर साधारण ५० ते ७० किलोंचा तंबू. गाडीच्या माहितीपुस्तिकेत टपाची भारक्षमता दिलेली असते आणि ती चालत्या गाडीसाठी असते. उभ्या गाडीवर तंबूत दोन माणसे झोपली तर चालते, पण तोच भार घेऊन तिरक्या वाटेवर जाणे वेगळे. टपावर हलके आणि आकाराने मोठे सामान ठेवावे. पाणी आणि अवजड पेट्या शक्य तितक्या खाली व दोन्ही आसांच्या मधे बांधाव्यात. पिकअपच्या हौद्यात सामान मागच्या फळीकडे लोटण्याची सवय असते. त्याने गाडीचे नाक उचलले जाते आणि वळणावर पुढची चाके हलकी पडतात. पहिल्या प्रवासाला मी घडीचे लाकडी टेबल, चार खुर्च्या आणि बिडाचा तवा नेला होता. दुसऱ्या खेपेस त्यातला फक्त तवा गाडीत होता.

गाडीच्या सांगाड्यात कायमचे बदल करण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत, आणि पुढचे लोखंडी बुलबार तर २०१७ च्या अखेरीसच केंद्राने बेकायदा ठरवले. बोल्ट काढून उतरवता येईल असा तंबू आणि हौद्यात नुसती ठेवलेली लाकडी पेटी-कम-पलंग यांनी काम भागते, आणि चारशे किलोमीटरांवर एखादा पोलीस थांबवील तेव्हा बोलणेही सोपे जाते.

इंधनासाठी नियम एकच: किन्नौरमध्ये रेकाँग पिओखालच्या पोवारीला टाकी भरावी आणि काझात पुन्हा काठोकाठ भरावी, मग ती पाऊण भरलेली का असेना. खालच्या गिअरमध्ये दगडी वाटेवर खप नेहमीच्या दीडपट होतो असे धरून चालावे. वीस लिटरचा लोखंडी कॅन गाडीच्या आत न ठेवता बाहेर बांधावा आणि उंचीवर त्याचे झाकण हळूहळू सैल करावे, कारण तोही फुगलेला असतो.

नाले

बातलच्या पुढे छोटा दडा आणि छत्रूच्या आसपास रस्ता आणि ओढा यांत फारसा भेद राहत नाही. वरच्या हिमनद्यांचे वितळलेले पाणी थेट वाटेवरून वाहते. सकाळी सूर्य वर येण्याआधी बर्फ थिजलेले असते, म्हणून पाणी कमी असते. दुपारी ते चढते आणि सायंकाळी चार-पाचच्या सुमारास सर्वांत मोठे होते. म्हणजेच चंद्रतालहून निघण्याची वेळ सकाळी सहाची, आणि नाश्ता छत्रूला.

हे मला पुस्तकी माहिती म्हणून ठाऊक होते. तरी एका वर्षी तळ्याकाठी रेंगाळल्यामुळे साडेचार वाजता आम्ही एका नाल्यापाशी आलो. पाणी गढूळ होते आणि तळाचे धोंडे एकमेकांवर आपटल्याचा घुमणारा आवाज येत होता. बरोबरच्या मित्राने काठी घालून पाहिली. ती मांडीपर्यंत गेली आणि हातातून ओढली गेली. आम्ही मागे सरलो, उंचवट्यावर गाडी लावली आणि पाण्याच्या काठाला तीन दगडांची चळत रचून ठेवली. पहाटे साडेपाचला पाहिले तर पाणी त्या चळतीपासून चार हात मागे गेलेले, तळ दिसतो आहे आणि काल ज्या धोंड्यांचा आवाज येत होता ते घागरीएवढे धोंडे निमूटपणे पडून आहेत. पाच मिनिटांत पार झालो. तेव्हापासून शंका आली की मी ती चळत रचतो. अर्ध्या तासात पाणी चढते आहे की उतरते आहे, हे त्यावरून कळते.

ओलांडण्याची पद्धत अशी. आधी उतरून, बुटासह, काठी घेऊन चालून पाहावे. ज्या पाण्यात माणसाला उभे राहता येत नाही त्यात गाडी घालू नये. जागा निवडताना अरुंद आणि संथ दिसणारा भाग टाळावा, कारण तेथे खोली असते. पाणी पसरून खळाळते तेथे ते उथळ असते. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते आणि गुरखाची ७०० मिलिमीटर, पण हे आकडे संथ पाण्याचे समजावेत. वाहते पाणी गुडघ्यापर्यंत असले तरी हलकी गाडी बाजूला ढकलू शकते. फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर, काचा खाली, आणि एकसारखी मंद गती. मधे गिअर बदलू नये, क्लच दाबू नये, थांबू नये. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलकेच दोन-चारदा दाबून कोरडे करावेत. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारण्याचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल, तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गाडी ट्रकवर घालूनच न्यावी लागते.

हे सगळे वाटेत आडव्या येणाऱ्या पाण्यासाठी आहे. हौसेने नदीच्या पात्रात गाडी घालणे हा निराळा प्रकार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये चंद्रा नदीतून गाडी चालवल्याची चित्रफीत पसरली आणि पोलिसांनी चालान केले, ते योग्यच झाले.

अडकलेली गाडी काढण्यासाठी फावडे, चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या, जॅकखाली ठेवायला जाड फळी, ताणला जाणारा दोर आणि भारक्षमता कोरलेले दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) एवढे पुरे. प्रथम फावडे वापरावे. दहापैकी सात वेळा चाकापुढचा ढिगारा काढून आणि हवा आणखी थोडी उतरवून गाडी निघते. दोर लावायचाच झाला तर तो कंपनीच्या हुकाला लावावा, ट्रेलर ओढण्याच्या गोळ्याला कधीही नाही, कारण तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. दोरावर ओले ब्लँकेट टाकावे आणि बाकीच्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभे राहावे. दुसरी गाडी बरोबर असेल तरच दोराचा उपयोग, हे उघड आहे. म्हणून या टप्प्यावर एकट्या गाडीने जाऊ नये. लोसरनंतर बराच काळ फोनला रेंज नसते, आणि सॅटेलाइट फोन किंवा तसले संदेशयंत्र दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणे गुन्हा ठरतो. त्यामुळे काझात मुक्कामाच्या घरी आपला मार्ग आणि मनालीला पोहोचण्याचा दिवस लिहून ठेवावा.

मुक्कामाची जागा

चंद्रताल हे २००५ पासून रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे मानलेले, पाणथळ आहे आणि तळ्याच्या काठी तंबू लावण्यास मनाई आहे. गाडी तळ्यापासून अलीकडे ठेवून चालत जावे लागते आणि मुक्काम काही किलोमीटर मागे, ठरवून दिलेल्या जागेत करावा लागतो. इतरत्र जागा शोधताना दुपारी तीनपर्यंत थांबावे. कोरडा दिसणारा ओढ्याचा पट्टा सपाट आणि मऊ असतो, म्हणून तोच आवडतो; तोच टाळावा. वर भुसभुशीत दरड असेल तर पायथ्याशी गाडी लावू नये; जमिनीवर ताजे, न मळलेले दगड विखुरलेले दिसले तर ते वरून आलेले असतात. हिरवळीवर चाक घालू नये. त्या उंचीवर गवत वर्षातले तीन-चार महिनेच वाढते आणि चाकोरीचा व्रण कित्येक वर्षे राहतो. शिवाय ते कोणाचे तरी कुरण असते. गावाजवळ असाल तर जव-मटाराच्या शेतांपासून दूर, घरी जाऊन विचारून थांबावे. ‘जुले’ (नमस्कार) म्हणून विचारणाऱ्याला नकार सहसा मिळत नाही, चहा मात्र मिळतो.

स्पितीत दुपारनंतर दरीतून जोराचा वारा सुटतो. गाडीचे नाक वाऱ्याकडे करून लावावे आणि टपावरचा तंबू मागच्या बाजूला उघडावा. वारा फारच असेल तर तंबू न उघडता सीट पाडून गाडीतच झोपावे. काच बोटभर उघडी ठेवावी. तंबूत किंवा गाडीत शेगडी, कोळसा किंवा इंजिन चालू ठेवून ऊब घेणे जीवघेणे आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला ते कळत नाही. त्याऐवजी उकळते पाणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरून मोज्यात घालावे आणि पायाशी घ्यावे. पहाटे तेच कोमट पाणी तोंड धुवायला होते.

चंद्रतालच्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ तासभर रटरटली तरी दाताखाली येते. तीन लिटरचा कुकर हे या प्रवासातले सर्वांत मोलाचे यंत्र आहे. शिट्ट्या घरच्यापेक्षा दोन-तीन अधिक द्याव्यात. भाजलेल्या पिठाचे पिठले, मेतकूट-भात आणि घरी परतून नेलेला सांजा यांना इंधनही कमी लागते. जळाऊ लाकडाची शेकोटी करू नये. स्पितीत झाडे नाममात्र आहेत आणि लाकूड व शेणी हे तेथील लोकांचे हिवाळ्याचे इंधन आहे. फ्रिजसाठी लिथियम बॅटरी असेल तर ती शून्याखालच्या तापमानात चार्ज करू नये, रात्री अंथरुणाजवळ ठेवावी. खरे तर सप्टेंबरमध्ये तेथे फ्रिजची गरजच नसते.

शौचासाठी पाण्यापासून किमान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करावा. त्या थंड, कोरड्या मातीत काहीच लवकर कुजत नाही, म्हणून कागद पुरू नयेत; दुहेरी पिशवीत बांधून परत न्यावेत. चंद्रतालसारख्या वर्दळीच्या जागी तळावरचे शौचालयच वापरावे.

ग्राम्फूला मनालीकडचा डांबरी रस्ता लागला की कोकसरच्या बाजूला थांबून फोर व्हील काढावे आणि अटल बोगद्यात शिरण्यापूर्वी टायरमध्ये हवा भरावी. कमी हवेच्या टायरने वेगात गेल्यास ते तापून फुटू शकतात. बारा व्होल्टच्या पंपाला प्रत्येक टायरमागे चार-पाच मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात चाकांचे नट पान्ह्याने आवळून पाहावेत, टपाच्या तंबूचे बोल्ट हलवून पाहावेत, आणि खाली वाकून आतल्या रिमपाशी एखादा दगड अडकला आहे का ते बघावे. बहुधा एक असतोच.